शास्त्राने सांगितले म्हणून योग्य, की योग्य म्हणून शास्त्राने सांगितले?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र शिकवतो. धर्म आणि नीती यांचा संबंध हा घटक आला की आमची क्रमिक पुस्तके हमखास प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादापासून सुरुवात करतात. युथिफ्रोच्या वडिलांकडे कामाला असलेल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारलेले असते. वडील त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकतात आणि पुढे काय करावे हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवतात. तो परत येण्याआधीच मजूर थंडीने आणि उपासमारीने मरतो. युथिफ्रो आता प्रत्यक्ष वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला निघाला आहे आणि आपण करतो आहोत ते धर्माला धरूनच आहे, अशी त्याची खात्री आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो की एखादे कृत्य देवांना प्रिय आहे म्हणून ते पवित्र ठरते, की ते पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय असते?

पुस्तकात यापुढे फक्त ख्रिस्ती उत्तरे येतात. चौदाव्या शतकातला विल्यम ऑफ ऑकम म्हणतो की ईश्वराची आज्ञा हाच चांगल्यावाइटाचा पाया आहे, आणि त्याने स्वतःचा द्वेष करण्याची आज्ञा दिली असती तर तोही योग्य ठरला असता. त्याच्या आधीचा थॉमस अक्वायनस मानतो की मनुष्याच्या स्वभावात आणि बुद्धीतच नैसर्गिक नियमाची जाण ठेवलेली आहे. हे सगळे शिकवून झाले की दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतो, ‘आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही का?’ त्यावर मला आजवर समाधानकारक उत्तर देता आलेले नाही, कारण आपल्या अनेक परंपरांमध्ये आज्ञा देणारा ईश्वरच नाही, आणि जिथे आज्ञा देणाराच नाही तिथे हा पेच उभा तरी कसा राहणार?

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ अशा स्वरूपाची उत्तरे कृपया देऊ नयेत. नेमका ग्रंथ, नेमका युक्तिवाद आणि त्यावर झालेला नेमका आक्षेप मिळाला तर वर्गात उपयोग होईल.

उत्तर १ : शब्दप्रमाण

आपल्या विद्यार्थ्याला निःसंकोच सांगावे की हा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला, आणि तो एका प्राण्याच्या गळ्याशी आणून विचारला गेला.

वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा हे ठरवणारे दर्शन म्हणजे मीमांसा. तिच्या मूळ ग्रंथातले, जैमिनीच्या मीमांसासूत्रांतले दुसरेच सूत्र आहे, ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’. वेदातील विधिवाक्यावरून जे कल्याणकारक म्हणून कळते तो धर्म. मीमांसकांनी सृष्टिकर्ता ईश्वर मानलेला नाही आणि वेदालाही कोणी कर्ता मानलेला नाही. त्यामुळे इथे आज्ञा आहे, पण आज्ञा करणारा नाही. ऑकमच्या ईश्वराबद्दल जी धास्ती वाटते, की त्याची मर्जी फिरली तर उद्या क्रौर्यही पुण्य ठरेल, ती धास्ती इथे वाटण्याचे कारणच उरत नाही. मात्र तीच अडचण दुसऱ्या दाराने आत येते, कारण वेदवाक्यानेच हिंसा करायला सांगितली असेल तर काय करायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

सोमयागात अग्नी आणि सोम यांना उद्देशून पशू मारावा असा विधी आहे, आणि कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये असा सामान्य निषेधही आहे. सामान्य नियमाला विशेष विधी बाध आणतो, म्हणून यज्ञातला वध अधर्म नव्हे, असे मीमांसकांचे उत्तर आहे. यावर सांख्य दर्शनाचा आक्षेप होता. ‘सांख्यकारिका’ लिहिणाऱ्या ईश्वरकृष्णाने दुसऱ्याच कारिकेत (श्लोकात) वैदिक उपायाला ‘अविशुद्धी’चा दोष चिकटवला आहे. यज्ञाने स्वर्ग मिळत असेलही, पण प्राणी मारला तो मारलाच, आणि त्याचे पाप त्या पुण्यात मिसळलेले राहणार, असा त्याचा भाष्यकारांनी लावलेला अर्थ आहे. म्हणजे वध हे कृत्य स्वतःच वाईट आहे आणि विधिवाक्य त्याचे वाईटपण पुसू शकत नाही, अशी ही भूमिका झाली. युथिफ्रोच्या पेचाची दुसरी बाजू याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच मांडली गेली असेल.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त या भूमिकेवर केलेला हल्ला आपल्या वर्गात अवश्य वाचावा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे की दुसऱ्याला पीडा देणे हाच अधर्म आणि दुसऱ्याला सुख देणे हाच धर्म असे तुम्ही धरून चाललात, तर जप आणि सुरापान यांचे काय करणार? जपाने कोणाला सुख होत नाही आणि सुरापानाने कोणाला पीडा होत नाही, तेव्हा पहिला धर्म ठरणार नाही आणि दुसरा अधर्म ठरणार नाही. इतकेच नव्हे, तर गुरुपत्नीशी संग करणारा मनातून कितीही तळमळला तरी त्याला धर्मच घडला असे म्हणावे लागेल, कारण त्यात सुख तर दिले गेलेच. सुखदुःखाच्या हिशेबावर नीती उभी करणाऱ्यांवर आजही जो आक्षेप घेतला जातो, तो इथे तयार सापडतो. तो अर्ध्या बाजूने बरोबर आहे, असे माझे मत आहे. सुखदुःखाने सगळी नीती मोजता येत नाही हे त्याने दाखवले. पण म्हणून ती केवळ विधिवाक्यानेच कळते, हे त्यातून निघत नाही.

शंकराचार्य या बाबतीत मीमांसकांच्या बाजूला आहेत. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘अशुद्धमिति चेन्न शब्दात्’ या सूत्रावरच्या भाष्यात ते म्हणतात की धर्म आणि अधर्म इंद्रियांना कळत नाहीत, आणि एका देशात, एका काळी, एका निमित्ताने जो धर्म असतो तोच दुसऱ्या देशकाळात अधर्म होतो, म्हणून शास्त्राखेरीज त्यांचे ज्ञान होण्याचा मार्ग नाही. या वाक्याचा रोख लक्षात घ्यावा. ‘कशामुळे योग्य ठरते’ या प्रश्नावर ते बोलतच नाहीत. ‘योग्य आहे हे कळते कसे’ एवढाच त्यांचा विषय आहे. ग्रीक संवादापेक्षा आपली चर्चा वेगळ्या रस्त्याने गेली ती इथे. आपल्याकडचा वाद प्रमाणाचा आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांच्या परंपरेने खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू चालतो असे ठरवले, तेव्हाही त्यांना ते शब्दाच्या आधारानेच सिद्ध करावे लागले.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मनुस्मृतीने मोठ्या भावाला वडिलोपार्जित धनात विसावा हिस्सा जास्त दिला आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, तेव्हा त्याच्यासमोर हे वचन होतेच. तरीही सर्व भावांची समान वाटणी करावी असा निर्णय त्याने दिला. त्याचे कारण त्याने याज्ञवल्क्याच्याच एका श्लोकातून काढले आहे, की धर्माला धरून असलेली गोष्टसुद्धा लोकांना तिटकारा येण्याजोगी असेल तर ती आचरू नये. दाखलाही त्याने दिला आहे. वेदज्ञ पाहुण्यासाठी मोठा बैल किंवा बोकड सिद्ध करावा असे स्मृती सांगते, पण आता ते कोणी करत नाही, कारण लोकांना ते किळसवाणे वाटते. वचन रद्द झालेले नाही, पोथीतले एक अक्षरही बदललेले नाही, आणि तरीही त्याप्रमाणे वागणे चूक ठरले. कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या नियोगादी (नियोग म्हणजे दिरासारख्या नेमलेल्या पुरुषाकडून संतती मिळवणे) गोष्टींची यादी याच वाटेने वाढत गेली, भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तिची सविस्तर चर्चा केली आहे. मिताक्षरेचा हा निर्णय महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या वाटण्यांत विसाव्या शतकापर्यंत प्रत्यक्ष चालत होता, तेव्हा याला पुस्तकी चर्चा म्हणता येणार नाही.

उत्तर २ : खाडीपट्टा

वरील विवेचन मन लावून वाचले. आज्ञा देणारा ईश्वर असलेल्या परंपरेतही हा वाद केवळ युरोपात झाला असे नाही, एवढी भर घालतो. इस्लाममध्ये तो आठव्या शतकापासून बसरा आणि बगदाद येथे अत्यंत तीव्रतेने झाला. मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणत की जुलूम वाईट आहे हे बुद्धीला स्वतंत्रपणे कळते, अल्लाह न्यायी असल्यामुळे तो वाईट करत नाही, आणि माणसांसाठी जे हिताचे तेच तो करतो. अबुल हसन अल्-अशअरी हे आधी याच पंथात होते. त्यांनी आपले गुरू अल्-जुब्बाई यांना विचारलेला प्रश्न परंपरेत सांगितला जातो. तीन भाऊ असतात. एक नेक वागून मरतो, एक पापी होऊन मरतो आणि एक लहानपणीच जातो. लहानगा विचारतो, मलाही वाढू दिले असते तर मीही पुण्य मिळवले असते. त्याला उत्तर मिळते की तू मोठा होऊन पापी झाला असतास, म्हणून तुझ्या हितासाठीच तुला लवकर नेले. तेव्हा नरकातला भाऊ ओरडतो, मग मला का लहानपणी नेले नाही? यावर गुरूंना उत्तर देता आले नाही असे म्हणतात. अशअरी मतानुसार मग चांगले ते, जे शरीयतने चांगले म्हटले; त्यामागे बुद्धीने काढलेला वेगळा निकष नाही.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तके अगदीच टाळतात. सुन्नी मुसलमानांत धर्मकायद्याच्या हनफी, शाफिई अशा शाखा आहेत. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, आणि हनफींमध्ये प्रामुख्याने चालणारे मत दहाव्या शतकातल्या समरकंदच्या अल्-मातुरीदींचे आहे. काही कृत्यांचे चांगलेवाईटपण ‘वही’च्या, म्हणजे पैगंबरांना होणाऱ्या ईश्वरी संदेशाच्या, आधीही बुद्धीला कळू शकते, असे ते मानतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफिई. आमच्याकडच्या मदरशांत शिकवले जाणारे मत सामान्यतः अशअरी असते. म्हणजे ‘मुसलमानांचे मत काय’ असे एकवचनात विचारले तर रत्नागिरीत एक उत्तर मिळेल आणि मराठवाड्यात दुसरे. विद्यार्थ्यांना निदान एवढे तरी माहीत असावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

उत्तर ३ : समता_नागपूर

‘शब्दप्रमाण’ यांनी प्रमाणाची चर्चा उत्तम केली आहे, परंतु एका पायरीवर ती थांबते असे मला वाटते. शास्त्रवचन बरोबर आहे असे क्षणभर मानू. ते पाळणारा माणूस तेवढ्यावरून नीतिमान ठरतो का?

महाभारताच्या कर्णपर्वात याचे उत्तर आहे. ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असे जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. युधिष्ठिर रागाच्या भरात नेमके तेच बोलतो आणि अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. श्रीकृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंच्या भीतीने काही माणसे त्याच्यासमोरून रानात पळून लपतात, मागून लुटारू येऊन विचारतात, आणि कौशिक व्रताला जागून ती कुठे गेली ते सांगतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. याच प्रसंगी श्रीकृष्ण म्हणतो की श्रुतीतूनच धर्म कळतो असे पुष्कळ लोक म्हणतात, त्यात मी दोष काढत नाही, पण सगळेच काही विधीने सांगितलेले नसते. धर्म सांगितला गेला तो प्राण्यांच्या उत्कर्षासाठी. इथे कौशिकाने नियम मोडलेला नाही. नियम कशासाठी आहे याचा विचार न करता तो पाळला, हाच त्याचा अपराध.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि परिषदच रद्द झाल्यामुळे स्वतः छापून प्रसिद्ध केलेले भाषण या प्रश्नाला सर्वांत थेट भिडते. ते नियम आणि तत्त्व यांत फरक करतात. नियम हा काय करायचे ते सांगून मोकळा होतो; तत्त्व हे कृतीची पारख करण्याचे साधन देते. तत्त्व चुकीचे असू शकेल, पण त्यानुसार केलेली कृती जाणीवपूर्वक आणि जबाबदारीने केलेली असते. नियम बरोबर असू शकेल, पण तो पाळणे यांत्रिक असते. म्हणून धर्म हा तत्त्वांचाच असला पाहिजे, आणि ज्याला आपण धर्म म्हणतो तो विधिनिषेधांचा समूह असेल तर त्याने माणसाची नैतिक जबाबदारीच काढून घेतली आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा आक्षेप ऑकमला लागू पडतो, कुमारिलाला लागू पडतो आणि अशअरींनाही लागू पडतो, कारण आज्ञा कोणाची आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. आज्ञाधारकपणा म्हणजे नीती नव्हे, हे मला या सगळ्या चर्चेतले सर्वांत भक्कम विधान वाटते.

बाबासाहेब पुढे ज्या धम्माकडे गेले त्यात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूत धरलेले आहे, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर सहज समजते.

प्रतिप्रश्न : कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गात नेण्यासारखे इतके काही एकाच वेळी मिळेल असे वाटले नव्हते.

एक शंका मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. विज्ञानेश्वराचा निकष लोकांच्या तिटकाऱ्याचा आहे. बैल मारणे लोकांना सहन होईना, म्हणून ते सुटले. पण अस्पृश्यता शतकानुशतके या ‘लोकां’ना खटकली नाही, तेव्हा त्या निकषाने ती टिकूनच राहिली असती. पोथीऐवजी बहुमत बसवले, एवढाच जर फरक असेल, तर आपण पुढे सरकलो असे कसे म्हणता येईल? ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ असे तुकोबा म्हणतात ते याच धोक्याबद्दल असावे. पण मग एकट्याचे मन हे तरी प्रमाण कसे मानायचे? मनुस्मृतीनेही वेद, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर स्वतःच्या मनाला जे पटते त्याला चौथे स्थान दिले आहेच, आणि त्याच ग्रंथात शूद्रांविषयीचे सगळे निर्बंधही आहेत.

उत्तर ४ : शब्दप्रमाण

आपली शंका रास्त आहे. तिला धरूनच महाराष्ट्रातला एक प्रत्यक्ष वाद पुढे ठेवतो, कारण केवळ ग्रंथांवरून तिचा निकाल लागेल असे मला वाटत नाही.

१८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर गेले. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली होती. विरोधकांचे म्हणणे असे होते की ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधानसंस्कार लगेच झालाच पाहिजे, आणि सरकारला त्यात हात घालण्याचा अधिकार नाही. लोकमान्य टिळक कायद्याच्या विरोधात होते. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडून दाखवून दिले की संस्कार लांबणीवर टाकण्याला शास्त्राची आडकाठी नाही. गोपाळ गणेश आगरकरांना मात्र शास्त्राधाराची ही वाटच मान्य नव्हती. जे बुद्धीला न्याय्य दिसते ते करण्यासाठी ऋषींची परवानगी कशाला हवी, हा त्यांच्या ‘सुधारका’तल्या लिखाणाचा सूर होता. लोकमत म्हणाल तर ते उघडउघड कायद्याच्या विरुद्ध होते. विज्ञानेश्वराचा निकष इथे लावला असता तर कायदा झालाच नसता, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते.

भांडारकरांची पद्धत मी कमी लेखत नाही. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. तरीही त्यांनी तो वाद पोथीच्या मैदानावर नेला, म्हणून समोरच्या शास्त्र्यांना उत्तर देणे भाग पडले. शास्त्राचा आधार घेऊन बोलणाऱ्याचे निदान ऐकून तरी घेतले जाते. पण या पद्धतीत एक गृहीत धरलेले असते, की शास्त्रात अनुकूल वचन सापडलेच नसते तर त्या मुलीवरचा अन्याय अन्याय ठरला नसता. हे गृहीतक मी कोणत्याही परिस्थितीत मान्य करू शकत नाही, आणि भांडारकरांनाही ते मनापासून मान्य असेल असे मला वाटत नाही. त्यांना आधी अन्याय दिसला आणि नंतर त्यांनी पोथी उघडली, असाच क्रम मला संभवनीय वाटतो.

राहिला ‘कोणाचे मन’ हा आपला प्रश्न. विज्ञानेश्वराच्या ‘लोकां’मध्ये वाटणीत कमी हिस्सा मिळणारे धाकटे भाऊ होते, त्यांचा आवाज घरात आणि पंचांसमोर ऐकला जात होता, म्हणून नियम बदलला. बहिणी त्या ‘लोकां’त नव्हत्या, म्हणून त्यांच्या समान हिश्शाला हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीपर्यंत (महाराष्ट्रात १९९४, देशभर २००५) थांबावे लागले. अस्पृश्यतेचा तिटकारा आला नाही असे आपण म्हणता, पण ज्यांच्यावर ती लादली होती त्यांना तो कायमच होता. चोखोबांच्या अभंगांत तो सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा नोंदवलेला आहे. तेव्हा निकषात लोकांचा तिटकारा घ्यायचा असेल तर ज्याच्या अंगावर नियम येऊन आदळतो त्याचा आधी घ्यावा लागेल, असे माझे मत आहे. त्यामुळे बहुमताचे वजन आपोआप कमी होते आणि एकट्याच्या मनालाही लगाम बसतो, कारण मग पारखायचे असते ते दुसऱ्याचे गाऱ्हाणे.

वर्गासाठी म्हणून सुचवतो की फुलमणीबरोबर रखमाबाईंचा खटलाही घ्यावा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. मुंबईच्या उच्च न्यायालयात तो खटला १८८४ पासून चालला, आणि १८८७ साली नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. प्रकरण १८८८ साली तडजोडीने मिटले आणि त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. दोन्ही बाजूंचे विद्वान तेव्हा हिंदू धर्मशास्त्रात विवाहाचे बंधन कितपत आहे याचा कीस काढत होते. रखमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की ज्या वयात मला संमती देताच येत नव्हती त्या वयात लावलेले लग्न माझ्यावर बंधनकारक कसे? हा युक्तिवाद विधिवाक्यावर उभा नाही आणि लोकमतावरही नाही. विद्यार्थ्यांना विचारावे की कुमारिलाने याला काय उत्तर दिले असते, आणि ते उत्तर त्यांना स्वतःला पटते का.